आना अमालियाचं वाइमार: लायब्ररी, वाडा आणि तीफुर्ट, आणि रोकोको हॉल शेवटी का बघायचा

जर्मनीतल्या वाइमारला जाणारे बहुतेक जण आना अमालिया लायब्ररीतला तो पांढरा-सोनेरी रोकोको (अठराव्या शतकातली नाजूक, नक्षीदार शैली) हॉल बघतात, तोंडात बोट घालतात, आणि मग महाकवी गटेच्या घराकडे सुटतात. हॉल आहेच तसा, पण जिच्या नावाची ती लायब्ररी आहे ती बाई कोण होती हे कळल्याशिवाय तो बघणं म्हणजे कुणाच्या तरी घरी जाऊन घरच्या बाईला न भेटता नुसता दिवाणखाना बघून परत येण्यासारखं आहे. म्हणून हा रिव्ह्यू एकट्या हॉलचा नाही, तिच्या तीन जागांचा आहे, म्हणजे लायब्ररी, विटुम्सपाले हा तिचा शहरातला वाडा आणि तीफुर्टचं गावाबाहेरचं घर. तिन्ही जागा क्लासिक स्टिफ्टुंग वाइमार ही एकच संस्था सांभाळते. माझं मत आधीच सांगून टाकते, तिन्ही बघा, दमछाक करून एका दिवसात जमतं पण दोन दिवस दिलेत तर फार बरं, आणि हॉल सगळ्यात शेवटी ठेवा.

असं का, ते समजायला आधी तिची गोष्ट ऐकावी लागेल. थोडी लांब आहे पण वाचा, तिकडे गेल्यावर उपयोगी पडेल.

आना अमालियाचा जन्म २४ ऑक्टोबर १७३९ चा, वोल्फेनब्युटेलमधला. वडील ब्राउनश्वाइगचे ड्यूक कार्ल पहिले, आई प्रशियाची राजकन्या, म्हणजे फ्रेडरिक द ग्रेट हा तिचा सख्खा मामा. एवढं मोठं घराणं, पण पोरीचं बालपण काही सुखाचं नव्हतं, आईवडिलांनी माया केली नाही, भावंडांच्या मागे मला कायम ढकललं असं तिने पुढे स्वतःच लिहून ठेवलंय. १६ मार्च १७५६ ला लग्न झालं तेव्हा ती सोळा वर्षांची आणि नवरा, साक्स-वाइमार-आयझेनाखचा ड्यूक अर्न्स्ट ऑगस्ट कॉन्स्टांटीन, अठरा वर्षांचा, तोही तब्येतीने अगदी तोळामासा. राजकन्यांची लग्नं जशी लावून देतात तसं माझंही लावून दिलं, अशा अर्थाचं तिने लिहिलंय, एवढंच, ना राग ना रडगाणं. ३ सप्टेंबर १७५७ ला पहिला मुलगा झाला, कार्ल ऑगस्ट, आणि २८ मे १७५८ ला नवरा गेला. ती अठरा वर्षांची विधवा, एक मूल मांडीवर आणि दुसरं पोटात. तो धाकटा कॉन्स्टांटीन त्याच सप्टेंबरात जन्मला, त्याने बाप बघितलाच नाही.

आणि काळ कसला, तर सात वर्षांचं युद्ध ऐन भरात. संस्थान छोटं, तिजोरी रिकामी, राजधानी वाइमार म्हणजे सहाएक हजार वस्तीचं गाव, गादीचा वारस पाळण्यात. त्यात पवित्र रोमन साम्राज्याचा भाग म्हणून प्रशियाविरुद्ध सैन्य द्यायची जबाबदारी हिच्या संस्थानावर, आणि प्रशियाचा राजा कोण तर हिचा मामा! कायद्याने ती स्वतःच अज्ञान होती, म्हणून सुरुवातीला पालकत्व तिच्या वडिलांकडे होतं, मग सम्राटाकडून तिला सज्ञान ठरवून घेतलं आणि १७५९ मध्ये कारभार तिच्या हातात आला. एकोणीस वर्षांची होती ती. तिथून १७७५ पर्यंत तिने मुलाच्या वतीने राज्य चालवलं, युद्ध निभावलं, १७७० नंतरचा दुष्काळ निभावला, दरबारातले वयाने दुप्पट असलेले मंत्री सांभाळले.

आता माझा खरा मुद्दा. लोकांच्या डोक्यात आना अमालिया म्हणजे गटेला चहापाणी देणारी, कवींचं कौतुक करणारी एक प्रेमळ ड्यूकबाई. जरा तारखा बघा. १७६१ मध्ये तिने दरबारी पुस्तकांसाठी एक जुना राजवाडा, त्याला हिरवा वाडा म्हणायचे, लायब्ररी म्हणून नव्याने बांधून घ्यायला काढला. १७६१ म्हटलं की आपल्याला पानिपतच आठवतं, तर त्याच साली, तिथलं युद्ध अजून संपलेलं नसताना, ही एकवीस वर्षांची बाई पुस्तकांसाठी इमारत काढत होती. १७६६ मध्ये पुस्तकं तिथे हलवली. १७७१ पासून झायलरची नाटक कंपनी, त्या काळातली जर्मनीतली नावाजलेली, वाइमारच्या दरबारात खेळ करायला लागली. १७७२ मध्ये मुलाचा शिक्षक म्हणून तिने व्हिलांडला बोलावलं, ज्याने शेक्सपिअरची बावीस नाटकं जर्मनमध्ये आणली तो व्हिलांड, आणि पुढच्याच वर्षी त्याने वाइमारमधून आपलं मासिक सुरू केलं, जे सगळ्या जर्मन मुलखात वाचलं जायचं. आणि गटे वाइमारला कधी आला? ७ नोव्हेंबर १७७५. म्हणजे लायब्ररी, रंगभूमी, मासिक, सगळं तो येण्याआधीचं आहे. तो आला ते आधीच मांडून ठेवलेल्या घरात आला, आणि ते मांडलं होतं हिने. गटेबद्दल मला प्रेमच आहे, शाकुंतल वाचून भारावून कविता लिहिणारा माणूस तो, आपल्याला परका कसा वाटेल, पण श्रेय ज्याचं त्याला.

हे सगळं मी एवढं तावातावाने लिहितेय त्याचं कारण एक डे टूर. नाव लिहीत नाही. बसने नेऊन आणणारी, एका दिवसात दोन गावं दाखवणारी. त्यात वाइमारला वेळच इतका कमी की गाइड चालता चालता बोलत होता, आणि बोलणं म्हणजे गटे इथे राहायचा, गटे इथे जेवायचा, गटेने हे झाड बघितलं. लायब्ररी बाहेरून दाखवली आणि सांगितलं की ही गटेची लायब्ररी. दरवाजावर बाईचं नाव आहे हो! गटेने १७९७ पासून मरेपर्यंत लायब्ररीची देखरेख केली हे खरंच आहे आणि मन लावून केली, पण ती गटेची नाही. त्यामुळे सल्ला असा की टूर घेऊ नका. एरफुर्टहून ट्रेनने पंधराएक मिनिटांत वाइमार येतं, लाइपझिगहून तासाभरात, स्टेशनपासून जुन्या गावात चालत जाता येतं, आणि गाव इतकं आटोपशीर आहे की नकाशा एकदा बघितला की परत लागत नाही.

सुरुवात विटुम्सपालेपासून करा. नॅशनल थिएटरसमोर तो गटे आणि नाटककार शिलरचा जोडपुतळा आहे ना, १८५७ चा, ज्याच्यासमोर सगळे फोटो काढतात, त्या चौकातच हा पिवळट रंगाचा वाडा आहे, आणि त्याच्याकडे बघतही नाही कुणी. बाहेरून राजवाडा वाटतच नाही, एखाद्या सुखवस्तू सरदाराचं घर वाटतं, आणि मुळात ते तसंच होतं, फॉन फ्रिच या मंत्र्याने स्वतःसाठी बांधलेलं. ६ मे १७७४ ला मोठ्या राजवाड्याला आग लागली, सगळं जळलं, दरबारी थिएटर पण त्यातच गेलं त्यामुळे झायलरची कंपनी गाव सोडून गेली, आणि अमालिया या घरात राहायला आली. पुढच्याच वर्षी ३ सप्टेंबर १७७५ ला कार्ल ऑगस्ट अठरा वर्षांचा झाला त्या दिवशी तिने राज्य त्याच्या हातात दिलं. तेव्हा ती पस्तीस वर्षांची होती. पुढची बत्तीसेक वर्षं, मरेपर्यंत, शहरातलं तिचं घर हेच.

आत गेल्यावर घाई करू नका. हॉलसारखं एका नजरेत गार करणारं इथे काही नाही, खोल्या मोजक्याच, माणसाच्या मापाच्या, आणि मला तेच आवडलं, कारण इथे कुणीतरी खरंच राहत होतं हे जाणवतं. वरच्या समारंभाच्या दालनाचं छत आडाम फ्रिडरिश ओझरने रंगवलंय, लाइपझिगमध्ये गटेला चित्रकला शिकवली तोच हा ओझर, तिथे मान वर करून दोन मिनिटं थांबाच. पण या घरातली खरी जागा म्हणजे टेबलाची खोली. तिच्या टेबलाभोवतीच्या बैठकीचं एक जलरंगातलं चित्र आहे, गेओर्ग मेल्खिओर क्राउसने साधारण १७९५ च्या सुमाराला काढलेलं, जाण्याआधी ते एकदा शोधून बघून घ्या. गटे आहे, विचारवंत हेर्डर आहे, चित्रकार मायर आहे, तिची सखी लुइझ फॉन ग्योखहाउझन आहे, एक इंग्रज पाहुणा आणि त्याच्या मुली आहेत, आणि प्रत्येक जण काही ना काही करतोय, कुणी वाचतंय, कुणी चित्र काढतंय, कुणाचं विणकाम चाललंय. ड्यूकबाई सिंहासनावर वगैरे अजिबात नाही, त्याच टेबलाला सगळ्यांसारखी बसून चित्र रंगवतेय. त्या काळात, जिथे दरबारात कोण कुठे बसणार हे सात पिढ्यांच्या कुळावरून ठरायचं, तिथे शेतकऱ्याचा नाही तरी साध्या शाळामास्तराचा मुलगा असलेला हेर्डर राजघराण्यातल्या बाईच्या टेबलाला बसून गप्पा मारतोय, ही गोष्ट आपल्याला आज साधी वाटते पण तेव्हा नव्हती. १७९१ मध्ये गटेने सुरू केलेली विद्वानांची मंडळी पण याच घरात जमायची, कुणीतरी रसायनशास्त्रावर बोलायचं, कुणी प्राचीन कलेवर.

ती लुइझ फॉन ग्योखहाउझन, तिच्याबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बांधा ठेंगणा, पाठीला बाक, जीभ तिखट, आणि लिहिण्याचा प्रचंड नाद. गटेने तरुणपणी फाउस्ट या आपल्या गाजलेल्या नाटकाचा जो पहिला खर्डा आणला होता त्याची हिने स्वतःसाठी हाताने नक्कल उतरवून घेतली. गटेची मूळ प्रत राहिली नाही, आणि १८८७ मध्ये हिच्या कागदांमध्ये ती नक्कल सापडली, म्हणून आज आपल्याला तो पहिला फाउस्ट वाचायला मिळतो. एका सखीच्या वहीमुळे! अमालियाभोवती अशी माणसं होती.

अमालिया स्वतः काय करायची, तर संगीत द्यायची. नुसती हौस वगैरे म्हणण्यातलं नाही, रीतसर शिकलेली होती, आणि १७७६ मध्ये गटेच्या एका संगीतिकेला तिने पूर्ण संगीत दिलं, ते प्रयोगात वाजलं, त्याची रेकॉर्डिंग आज ऐकायला मिळतात. मी तिकडे जायच्या आधी ऐकली होती, सुरावट अगदी सोपी, प्रसन्न, मोत्सार्टच्या जवळपास जाणारी नाही हे मान्य, पण गाणाऱ्याचा आवाज कुठे मोकळा सोडायचा हे तिला नीट कळत होतं. तुम्हीही हेडफोन घेऊन जा आणि त्या खोल्यांमध्ये फिरून आल्यावर बाहेर बाकावर बसून ऐका. चाळिशी उलटल्यावर ती व्हिलांडबरोबर ग्रीक शिकली आणि ॲरिस्टोफेनिस मुळातून वाचायला लागली. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण सोळाव्या वर्षी लग्न आणि अठराव्या वर्षी वैधव्य, म्हणजे शिकायचं वय तिला मिळालंच नव्हतं, ते तिने नंतर स्वतः मिळवलं.

दुपारी तीफुर्टला जा. इल्म नदीच्या काठाकाठाने चालत जाता येतं, आणि पाय धड असतील तर चालतच जा कारण ती वाटच अर्धी मजा आहे. तीफुर्टला राहायला लागण्याआधी काही वर्षं तिचा उन्हाळा एटर्सबुर्गला जायचा, तिथे दरबारातली मंडळी मिळून हौशी नाटकं करायची, गटे स्वतः काम करायचा. एटर्सबुर्गला पण जाता येतं, पण त्याच टेकडीवर १९३७ मध्ये नाझींनी बुखेनवाल्डची छळछावणी उभी केली, तिथे जायचं तर त्या एकाच गोष्टीसाठी वेगळा दिवस ठेवा, एटर्सबुर्ग आणि बुखेनवाल्ड करून संध्याकाळी रोकोको हॉल असला बेत करू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

तीफुर्टचं घर मुळात शेतीचं उत्पन्न सांभाळणाऱ्या माणसाचं घर होतं, आधी धाकटा कॉन्स्टांटीन तिथे राहिला आणि १७८१ पासून अमालिया दर उन्हाळ्यात. राज्यकर्त्या घराण्यातल्या बाईचं हे घर आहे हे सांगितल्याशिवाय कळणार नाही इतक्या लहान खोल्या. इथूनच तिने एक नियतकालिक काढलं, १७८१ ते १७८४, छापील नाही तर हस्तलिखित! मोजक्या प्रती हाताने उतरवून काढायच्या आणि आपल्या लोकांत फिरवायच्या, लेखकांची नावं गुप्त, त्यामुळे कुणी काय लिहिलंय ते ओळखत बसायचं. लिहिणारे कोण तर गटे, हेर्डर, व्हिलांड आणि ती स्वतः. ज्यांनी कधी कॉलेजात भित्तिपत्रक काढलंय किंवा हस्तलिखित दिवाळी अंक काढलाय त्यांना तीफुर्टमध्ये उभं राहिल्यावर वेगळंच काहीतरी होईल, मला तर झालं.

मग बागेत जा. इथे नदीकाठी १७८२ च्या जुलैमध्ये गटेची एक छोटी संगीतिका रात्री उघड्यावर केली होती, मशाली पेटवून, नदी हाच रंगमंच. त्यात कोळ्याच्या मुलीचं काम करणाऱ्या कोरोना श्रोटरने सुरुवातीलाच एक गाणं म्हटलं, चालही तिचीच, आणि ते गाणं म्हणजे गटेची अर्लक्योनिग ही कविता, जी पुढे संगीतकार शूबर्टच्या चालीने जगभर गेली. म्हणजे ते पहिल्यांदा गायलं गेलं ते एका बाईच्या चालीत, दुसऱ्या बाईच्या बागेत. शूबर्टची चाल ऐकणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं?

बागेत स्मारकं बरीच आहेत आणि ती नुसती शोभेची नाहीत, बहुतेक तिच्या स्वतःच्या माणसांची आहेत. एक तिच्या धाकट्या भावाचं, लिओपोल्डचं. १७८५ मध्ये ओडर नदीच्या पुरात तो बुडून गेला. एक मुलाचं, त्याच कॉन्स्टांटीनचं, तो १७९३ मध्ये फ्रान्सविरुद्धच्या मोहिमेत आजारी पडून गेला, पस्तिशीही पूर्ण झाली नव्हती. आणि एक मोत्सार्टचं, १७९९ मधलं, जर्मनीतलं मोत्सार्टचं सगळ्यात पहिलं स्मारक म्हणून ते ओळखतात. मोत्सार्ट जाऊन आठ वर्षं होत होती, त्याच्या नावाचा एवढा गवगवा अजून व्हायचा होता, आणि इथे एका खेडेगावातल्या बागेत त्याची आठवण ठेवलेली. ही बाग मी तिन्ही जागांमध्ये पहिली ठेवेन, हॉलच्याही वर. तीफुर्टचं घर हिवाळ्यात बंद असतं हे मात्र लक्षात ठेवा, बाग तेव्हाही उघडी असते.

इटलीचं राहिलंच. १७८८ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ती इटलीला निघाली आणि १७९० मध्ये परत आली. जवळजवळ दोन वर्षं! एवढा खर्च आणि एवढा प्रवास हवा कशाला असं म्हणणारे घरात आणि दरबारात होतेच, पण ती गेली, रोमला राहिली, नेपल्सला राहिली, गिटार शिकली, आंगेलिका काउफमान या चित्रकर्तीने तिचं चित्र काढलं, ते चित्र जरूर बघा, मागे रोमचं कोलोसियम आणि शेजारी पुस्तकं. ज्या बाईला सोळाव्या वर्षापासून कुणी विचारलंच नव्हतं की तुला काय हवंय, तिने स्वतःसाठी मागून घेतलेली ही दोन वर्षं आहेत असं मी त्याकडे बघते.

तिच्याबद्दल बाजारात एक कथा अशीही आहे की गटेचं खरं प्रेम हिच्यावरच होतं आणि ते सगळं लपवलं गेलं. अभ्यासक हे मानत नाहीत आणि मलाही त्यात रस वाटत नाही. इतकं काम केलेल्या बाईची ओळख शेवटी कुणाची तरी गुपचूप प्रेयसी अशी करून द्यायची, याचा मला रागच येतो.

शेवट तिचा दुःखात गेला. १४ ऑक्टोबर १८०६ ला येना आणि आउअरश्टेटच्या लढाया झाल्या, वाइमारपासून हाकेच्या अंतरावर, नेपोलियनने प्रशियाचा धुव्वा उडवला आणि फ्रेंच शिपायांनी वाइमार लुटलं. आउअरश्टेटला प्रशियाच्या सैन्याचा सेनापती होता तिचा भाऊ, ब्राउनश्वाइगचा ड्यूक, त्याला चेहऱ्यावर गोळी लागली, दृष्टी गेली आणि नोव्हेंबरात तो गेला. तिला स्वतःला म्हातारपणी गाव सोडून पळावं लागलं, परत आली, आणि १० एप्रिल १८०७ ला विटुम्सपालेमध्ये वारली, सदुसष्ट वर्षांची. गावातल्या पीटर आणि पॉलच्या चर्चमध्ये, ज्याला सगळे हेर्डरचं चर्च म्हणतात, तिला पुरलंय. बाजारचौकापासून पाच मिनिटांवर आहे, लोक तिथे क्रानाखचं प्रसिद्ध वेदीचित्र बघायला जातात, तुम्ही तेही बघा आणि तिचं थडगंही शोधा.

आता हॉल. एवढं सगळं डोक्यात घेऊन आत शिरलात की तो हॉल वेगळा दिसतो, हे माझं म्हणणं.

आधी व्यवहाराचं. ठरावीक वेळेचं तिकीट असतं आणि आत एका वेळी मोजकेच लोक सोडतात, त्यामुळे ऑनलाइन आधी काढा, उन्हाळ्यात तर आधीच काढा, दारात जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. सोमवारी बंद. बॅग लॉकरमध्ये ठेवायची, बुटांवरून मोठ्या लोकरी सपाता चढवायच्या, जुन्या लाकडी जमिनीला ओरखडे पडू नयेत म्हणून, आणि मग पाय न उचलता सरकत सरकत चालायचं. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर हात धरा. ऑडिओगाइड घ्या. मर्यादित लोक सोडण्याचा फायदा आत गेल्यावर कळतो, रेटारेटी नाही, आवाज नाही, हव्या त्या कपाटासमोर हवं तेवढं थांबा.

मधोमध लंबगोल दालन, त्याच्या भोवती खांब, खांबांच्या मागे फिरायला वाट आणि पुस्तकांची कपाटं, वरती गॅलरी, पांढरा रंग, त्यावर सोनेरी कड, जागोजागी कवींचे आणि विद्वानांचे अर्धपुतळे. हॉलच्या लंबगोल आकाराबद्दल मला नेहमी असं वाटतं की ती जन्मली त्या वोल्फेनब्युटेलच्या लायब्ररीचं दालनही लंबगोल होतं, त्या काळातली मोठी नावाजलेली लायब्ररी ती, आणि लहानपणी बघितलेली जागा माणूस मोठेपणी परत बांधतोच. तिकडे आता ती जुनी इमारत नाही, पाडली, पण इकडची आहे. आणि ही लायब्ररी नुसती राजाची तिजोरी नव्हती, गावातल्या लोकांना पुस्तकं घरी न्यायला मिळायची, शिलर, हेर्डर सगळे इथून पुस्तकं न्यायचे. आजही ती चालू लायब्ररी आहे, दहा लाखांच्या आसपास पुस्तकं आहेत, फाउस्टवरच्या पुस्तकांचा जगातला सगळ्यात मोठा संग्रह इथे आहे, नीत्शेची स्वतःची पुस्तकं इथे आहेत. तिचं नाव या लायब्ररीला अधिकृतपणे कधी दिलं, तर १९९१ मध्ये. सव्वादोनशे वर्षांनी.

आगीबद्दल बोलल्याशिवाय या हॉलचा रिव्ह्यू होऊच शकत नाही. २ सप्टेंबर २००४ ची रात्र, माळ्यावर आग लागली, बहुधा विजेच्या जुन्या वायरिंगमुळे. पुस्तकं जमिनीखालच्या नव्या सुरक्षित कोठारात हलवायचं काम काही आठवड्यांवर आलं होतं. पन्नास हजार पुस्तकं राख झाली, आणखी ६२ हजार आगीने आणि विझवायच्या पाण्याने खराब झाली, सदतीस तैलचित्रं गेली. अमालियाच्या स्वतःच्या संगीताच्या वह्यांचा मोठा भाग गेला, त्यातल्या कितीतरी गोष्टींची जगात दुसरी प्रत नव्हती, आणि हे मला अजून सहन होत नाही. पण त्या रात्री गावातले लोक आले, रांग लावली, हातोहात पुस्तकं बाहेर काढली, हजारोंनी काढली, लायब्ररीचे संचालक स्वतः आत जाऊन १५३४ चं ल्यूथरचं बायबल घेऊन आले. भिजलेली पुस्तकं कुजू नयेत म्हणून गोठवून लाइपझिगला नेली, तिथे थंडीतच वाळवली. कडा जळालेली पानं एकेक करून जपानी कागदाने सांधायचं काम वाइमारजवळच्या लेगेफेल्डच्या वर्कशॉपमध्ये २००८ पासून चालू झालं, या पुस्तकांना तिकडे राखेची पुस्तकं म्हणतात. हॉल पुन्हा उघडला २४ ऑक्टोबर २००७ ला, तिच्या वाढदिवशी, ही तारीख मुद्दाम निवडली होती आणि योग्य निवडली.

आज वरती छताकडे बघाल तर आग लागली होती हे सांगूनही पटणार नाही इतकं नीट काम केलंय. कारागीरांना हात जोडावेत असं काम आहे. शेजारच्या जुन्या बुरुजात एक नागमोडी जिना आहे, १६७१ चा, मधला अख्खा खांब एकाच ओकच्या बुंध्याचा, तो बघायची संधी मिळाली तर सोडू नका.

किती वेळ द्यायचा, तर विटुम्सपालेला तास-दीड तास, तीफुर्टला जाऊन येऊन अर्धा दिवस, हॉलला तासभर. लहान मुलांना हॉलच्या सपाता आवडतात आणि तीफुर्टची बाग आवडते, विटुम्सपालेमध्ये ती कंटाळतील, तेव्हा मुलं बरोबर असतील तर एकाने त्यांना चौकात आइसक्रीम द्यावं आणि दुसऱ्याने आत जावं, मग अदलाबदल. एकापेक्षा जास्त जागा बघणार असाल तर एकत्र तिकीट स्वस्त पडतं का ते संस्थेच्या वेबसाइटवर बघून घ्या, दर आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. आणि गाइड घेतलात तर त्याला पहिला प्रश्न हाच विचारा, १७७५ च्या आधी इथे काय काय झालं होतं?